ऐकू येते, पण कळत नाही : कान आवाजाचे काय करतो आणि बहिरेपणात नेमके काय हरवते

वाशिष्ठीकाठ

आपल्याकडे घराघरांत वयस्कर माणसांविषयी एक तक्रार हमखास कानावर येते. आप्पांना सगळे ऐकू येते, पण ते सोयीचे तेवढेच ऐकतात. शेजारच्या तात्यांशी पडवीत तासभर बोलत बसतात आणि सुनेने स्वयंपाकघरातून काही विचारले की मात्र ‘काय?’ म्हणतात. मी चिपळूणजवळच्या एका शाळेत बरीच वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. या तक्रारीचे उत्तर कानाच्या रचनेतच आहे आणि ते नीट समजले तर पुष्कळ घरांतला राग निवळेल असे मला मनापासून वाटते, म्हणून हा धागा काढत आहे. लिखाण थोडे लांबेल, त्याबद्दल वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आवाज म्हणजे हवेच्या दाबातील सूक्ष्म चढउतार. ते कानात शिरल्यावर पडद्यापर्यंत जी नळी लागते तिची लांबी साधारण अडीच सेंटिमीटर असते. एका टोकाला बंद असलेल्या एवढ्या नळीत ३,००० हर्ट्झच्या (सेकंदाला ३,००० कंपनांच्या) आसपासचे स्वर आपोआप घुमतात, आणि त्यामुळे त्या पट्ट्यातला आवाज पडद्यावर पोहोचेपर्यंत १० ते १५ डेसिबलने वाढलेला असतो. हा तपशील लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम पडेल.

पडद्याच्या आतल्या बाजूला, हवेने भरलेल्या मध्यकर्णात, हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडे एकमेकांना जोडलेली असतात. रिकीब हे शरीरातले सर्वांत लहान हाड, जेमतेम ३ मिलिमीटरचे. ही हाडे हवीतच कशाला, असा प्रश्न वर्गात नेहमी येत असे. त्याचे कारण असे की अंतर्कर्ण द्रवाने भरलेला आहे आणि हवेतून द्रवावर आदळणाऱ्या आवाजाची सुमारे ९९.९ टक्के ऊर्जा पृष्ठभागावरूनच माघारी फिरते. खाडीत बुडी मारलेल्या मुलाला काठावरून मारलेली हाक धड ऐकू येत नाही, ती याच कारणाने. पडद्याचा कंप पावणारा भाग सुमारे ५५ चौरस मिलिमीटर असतो, तर रिकीब अंतर्कर्णाच्या ज्या खिडकीवर टेकते ती जेमतेम ३.२ चौरस मिलिमीटर. मोठ्या क्षेत्रावरचे बल छोट्या क्षेत्रावर एकवटल्याने, आणि हाडांच्या तरफेचा थोडा लाभ मिळाल्याने, दाब वीसपटीहून अधिक वाढतो आणि माघारी जाणाऱ्या ऊर्जेचा मोठा हिस्सा आत पोहोचतो. पडद्याला भोक पडले, मध्यकर्णात पू किंवा पाणी साठले, हाडे जखडली किंवा नळीत मळाचा बोळा बसला, तर बिघाड या टप्प्यावर होतो. असा बहिरेपणा बहुतेक वेळा औषधाने किंवा शस्त्रक्रियेने सुधारतो, कारण आवाज फक्त क्षीण झालेला असतो, बिघडलेला नसतो.

खरी गुंतागुंत पुढे आहे. अंतर्कर्णातली कॉक्लिया ही गोगलगाईच्या शंखासारखी सुमारे अडीच वेढ्यांची नळी उलगडली तर ३५ मिलिमीटरच्या आसपास भरेल. तिच्या लांबीभर एक लवचीक पटल ताणलेले असते, जे खिडकीकडच्या टोकाला अरुंद आणि ताठ, तर आतल्या टोकाला रुंद आणि सैल असते. तार स्वरांनी त्याचा सुरुवातीचा भाग जास्त हलतो, खर्जातल्या स्वरांनी शेवटचा. भजनाच्या पेटीवर जसे पट्ट्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे स्वरांच्या क्रमाने मांडलेल्या असतात, तशीच ही मांडणी आहे. जॉर्ज फॉन बेकेशी यांनी या पटलावरून धावणाऱ्या लाटेचा अभ्यास केला आणि त्यासाठी त्यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या पटलावर केशपेशींच्या, म्हणजे केसांसारखे सूक्ष्म तंतू असलेल्या पेशींच्या, रांगा असतात. आतल्या रांगेत सुमारे ३,५०० पेशी असतात आणि मेंदूकडे जाणारा जवळजवळ सगळा संदेश त्या पाठवतात. बाहेरच्या रांगांमध्ये सुमारे १२,००० पेशी असतात आणि त्यांचे काम अगदी वेगळे आहे. त्या आवाजाच्या तालावर स्वतः आखडतात आणि लांबतात, त्यामुळे क्षीण आवाजाने हलणारे पटल नेमक्या त्या ठिकाणी जास्त हलते आणि आजूबाजूला कमी. म्हणजे कान नुसता आवाज स्वीकारत नाही, तो आपली ऊर्जा खर्चून आवाज वाढवतो आणि वेचून वेगळा करतो. या हालचालीतून कानाबाहेरही अतिक्षीण आवाज येतो, हे डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये दाखवले, आणि आज नवजात बाळांची श्रवणचाचणी बऱ्याच ठिकाणी याच आवाजाची नोंद घेऊन केली जाते. मला स्वतःला शरीरशास्त्रातली याहून विलक्षण गोष्ट माहीत नाही.

वयाने किंवा गोंगाटाने बहुधा आधी नष्ट होतात त्या या बाहेरच्या केशपेशी, आणि तीही सुरुवात तार स्वरांच्या टोकापासून. पक्ष्यांमध्ये या पेशी पुन्हा उगवतात, माणसात उगवत नाहीत. आता आप्पांकडे वळू. बोलण्यातला जोर अ, आ, इ अशा स्वरांत असतो, आणि हे स्वर खालच्या पट्टीत असतात. ते आप्पांना उत्तम ऐकू येतात, म्हणून ‘कोणीतरी बोलले’ हे त्यांना कळते. पण स, श, त, ट, क, प यांच्यातला फरक आणि ख, ठ, फ यांच्यातला हकार हे सगळे वरच्या पट्टीतले अतिशय क्षीण आवाज आहेत. ते गेले की ‘सात’ आणि ‘साठ’, ‘पाट’ आणि ‘पाठ’, ‘काल’ आणि ‘खाल’ यांत काही फरकच उरत नाही. तात्यांचा आवाज जाडा आहे, ते समोर बसलेले असतात आणि विषय ओळखीचा असतो. सुनेचा आवाज नाजूक आहे, ती भिंतीपलीकडून बोलते आणि मागे मिक्सर चालू असतो. आप्पा सोयीचे ऐकत नाहीत, जे पोहोचते तेवढेच ऐकतात.

कोणी या क्षेत्रात काम करणारे येथे असतील तर त्यांनी भर घालावी.

हर्णैचा वारा

गुरुजी, हा लेख मी आमच्या बंदरावरच्या चारपाच जणांना वाचून दाखवला. आमची यांत्रिक नौका आहे. इंजिनावर काम करणाऱ्या खलाशाला आणि त्याच्याजवळच झोपणाऱ्या पोरांना चाळिशी गाठायच्या आतच ओरडून सांगावे लागते, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो. समुद्रावरून परत आल्यावर दोन दिवस कानात ‘कुंईं’ असा आवाज येतो आणि मग तो जातो. सगळे म्हणतात की दर्याची सवय आहे, जाईल. माझा प्रश्न असा की तो आवाज जातो म्हणजे कान पूर्वीसारखा होतो का? आणि आमच्या तांडेलाला, म्हणजे नौकेच्या प्रमुखाला, लाटांचा, इंजिनाचा, अगदी दुरून येणाऱ्या दुसऱ्या होडीचा आवाज बरोबर कळतो, पण घरी नातीचे बोलणे कळत नाही, याचे कारण आपण वर सांगितले तेच आहे का?

श्रवणरेषा

मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ आहे, रत्नागिरी जिल्ह्यात काम करते. गुरुजींनी पाया उत्तम घातला आहे. हर्णैच्या दादांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. इंजिनाचा आणि लाटांचा आवाज खालच्या पट्टीत भरपूर असतो, आणि लहान मुलीचा आवाज वरच्या पट्टीत असतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे कठीण आहे. मोठ्या आवाजानंतर येणारा बधिरपणा आणि कानातली शीळ बरेचदा काही तासांत किंवा दिवसांत ओसरते, आणि चाचणीत आलेखही पूर्ववत दिसतो. पण २००९ मध्ये शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवर केलेल्या अभ्यासात असे दिसले की आलेख पूर्ववत झाल्यावरही केशपेशी आणि श्रवणतंतू यांच्यातले पुष्कळ सांधे कायमचे तुटलेले होते. माणसात याचे प्रमाण नेमके किती, यावर अजून संशोधन सुरू आहे. तरीही ‘शीळ गेली म्हणजे कान बरा झाला’ असे समजून वर्षानुवर्षे तेच करत राहणे मला धोक्याचे वाटते. शीळ ही इजेची खूण आहे आणि तिच्याकडे तसेच पाहावे.

गुरुजींनी नळीत घुमणाऱ्या ३,००० हर्ट्झचा उल्लेख केला, त्याचे काम येथे पडते. ज्या पट्टीला कान सर्वांत जास्त वाढवून घेतो, तिच्या किंचित वरच्या जागेवर सर्वाधिक मार बसतो. त्यामुळे गोंगाटात काम करणाऱ्या माणसाच्या ऑडिओग्रामवर, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखावर, ४,००० हर्ट्झच्या जवळपास एक खळगा दिसतो, आणि ८,००० हर्ट्झला रेषा पुन्हा थोडी वर येते. केवळ वयामुळे आलेल्या बहिरेपणात असा खळगा नसतो, तर रेषा उजवीकडे उतरत जाते. म्हणून आलेख पाहताच ‘तुम्ही इंजिनावर असता का?’ असे मला विचारता येते, आणि बहुतेक वेळा उत्तर होकारार्थी मिळते. पुढे वाढत्या वयात हा खळगा रुंदावून उतारात मिसळतो, आणि मग कारण वेगळे काढता येत नाही.

डेसिबलचे गणित मात्र सर्वांनी समजून घ्यावे. दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. ८५ डेसिबलच्या आवाजात ८ तास ही मर्यादा धरली, तर ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास आणि १०० ला केवळ १५ मिनिटे उरतात. आपल्याकडील कारखान्यांच्या नियमांत ८ तासांसाठी ९० डेसिबलची मुभा आहे, जी माझ्या मते कानाच्या दृष्टीने फार सैल आहे; आणि मासेमारी नौकेवर तर असे मोजमाप करायलाही कोणी येत नाही. मोजणी यंत्र नसेल तर एक साधी कसोटी आहे. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल, तर तिथला गोंगाट ८५ डेसिबलच्या घरात आहे असे समजावे.

आपल्या किनाऱ्यावरच्या मंडळींना एक विशेष सूचना करते. कान दमलेला असताना केलेली चाचणी प्रत्यक्षापेक्षा वाईट दिसते, म्हणून चाचणीपूर्वी निदान आदली रात्र आणि शक्य तर अधिक काळ शांततेत गेलेला असावा. पावसाळी मासेमारी बंदीत होड्या शाकारलेल्या असतात, तो काळ यासाठी सर्वोत्तम आहे. दर वर्षी बंदीत एकदा, एवढे जरी बंदरावरच्या सोसायट्यांनी ठरवले तरी आलेखांची तुलना करून कोणाचा कान कधी घसरू लागला ते वेळेवर कळेल.

लाल चिरा

मी राजापूर तालुक्यातला. आमच्याकडे चिरेखाणीवर कटर मशीनचे काम चालते. माणसे कानात कापूस घालतात किंवा डोक्याला टॉवेल गुंडाळतात. त्याने फायदा होतो का? काजूच्या बागेत ग्रासकटर चालवणाऱ्यांनाही हेच विचारायचे आहे.

श्रवणरेषा

कापसाने आणि टॉवेलने होणारे संरक्षण अत्यल्प आहे. संरक्षण झाल्यासारखे वाटते आणि माणूस जास्त वेळ थांबतो, म्हणून ते एका अर्थी घातकच ठरते. फोमचे इअरप्लग मेडिकलच्या दुकानात किंवा हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतात, पण ते घालण्याची रीत चुकली तर त्यांचाही उपयोग होत नाही. स्वच्छ हातांनी प्लग बारीक वळावा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढून नळी सरळ करावी, प्लग आत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावा. बाहेरून प्लगचा बराचसा भाग दिसत असेल तर तो बसलेला नाही. चिऱ्याच्या धुळीत हात सतत माखलेले असतात, तेथे डोक्यावरून घालायचे इअरमफ जास्त सोयीचे. ग्रासकटरसाठीही तेच.

ओसरी

ताई, मी देवगडजवळच्या गावात राहते. सासूबाईंचे वय ऐंशीच्या पुढे आहे. त्यांना कानाचे मशीन घेऊन दिले, पण ते कपाटात पडून आहे. ‘भांडी डोक्यात आपटल्यासारखी वाजतात आणि बोलणे तरीही कळत नाही’ असे त्या म्हणतात. पावसाळ्यात तर पत्र्यावर पाऊस सुरू झाला की त्या बोलणेच सोडून देतात आणि आपल्या खोलीत जाऊन बसतात. मी हळू बोलले की ‘मोठ्याने बोल’ म्हणतात, आणि मोठ्याने बोलले की ‘ओरडतेस कशाला’ म्हणून रागावतात. हे विचित्र वागणे आहे असे घरातले म्हणतात. मला तसे वाटत नाही, पण कारणही सांगता येत नाही. मशीन विकणाऱ्याने पुन्हा फोन उचलला नाही.

श्रवणरेषा

तुम्हाला तसे वाटत नाही, हे फार बरे झाले, कारण तुमच्या सासूबाईंचे वर्णन तंतोतंत बरोबर आहे.

निरोगी कानाला जवळजवळ शून्य डेसिबलपासून ते सुमारे १०० डेसिबलपर्यंतचा आवाज सुखाने झेपतो. बाहेरच्या केशपेशी गेल्या की क्षीण आवाज वाढवून देणारे कोणी उरत नाही, म्हणून ऐकू येण्याची सुरुवातच ५० किंवा ६० डेसिबलला होते. मोठा आवाज मात्र त्या पेशींच्या मदतीवर अवलंबून नसतो, त्यामुळे त्रास होण्याची वरची सीमा जवळपास जिथल्या तिथे राहते. म्हणजे ‘ऐकू येत नाही’ आणि ‘सहन होत नाही’ यांच्यातले अंतर १०० वरून ४०-५० वर येते. एवढ्या अरुंद पट्ट्यात बोलणारा थोडासा जरी चढला तरी ऐकणाऱ्याला ते ओरडणे वाटते. त्यात कोणाचाही स्वभाव किंवा हेका नाही.

दुसरी अडचण वेचण्याची आहे. शाबूत कॉक्लियात एका स्वराने पटलाचा अगदी थोडा भाग हलतो. बाहेरच्या पेशी गेल्यावर तोच स्वर रुंद भाग हलवतो आणि शेजारचे स्वर एकमेकांत मिसळतात. पत्र्यावरचा पाऊस हा सगळ्या पट्ट्यांत एकदम पसरलेला आवाज असतो. आपला कान त्यातून बोलणे वेगळे काढतो, त्यांचा काढू शकत नाही. म्हणून पाऊस पडत असताना आवाज वाढवण्यापेक्षा आतल्या, कौलांच्या किंवा स्लॅबच्या खोलीत जाऊन बोलणे अधिक उपयोगी. उजेड तुमच्या चेहऱ्यावर असावा, त्यांच्या डोळ्यांवर नव्हे. आधी त्यांचे लक्ष वेधून घ्यावे, मग विषय सांगावा, मग वाक्य. वाक्य कळले नाही तर तेच पुन्हा मोठ्याने न म्हणता वेगळ्या शब्दांत म्हणावे, कारण जी व्यंजने एकदा हरवली ती दुसऱ्यांदाही तिथेच हरवणार.

यंत्राविषयी सांगायचे तर दोष बहुधा जुळणीत आहे. डिजिटल यंत्र हे क्षीण आवाज जास्त आणि मोठा आवाज कमी वाढवणारे असते, पण त्यासाठी ते त्या व्यक्तीच्या ऑडिओग्रामनुसार प्रत्येक पट्टीत बसवावे लागते आणि नंतर दोनतीनदा सुधारावे लागते. नुसते दुकानातून आणून कानात घातलेले यंत्र भांडीच वाजवणार. भांड्यांचा आवाज बोचतो, हे त्यांनी तपासणाऱ्याला शब्दशः सांगावे. त्या एका वाक्यावरून आम्ही काय बदलायचे ते ठरवतो. त्याशिवाय, वर्षानुवर्षे तार स्वर न मिळालेल्या मेंदूला ते पुन्हा ओळखायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. आरंभी शांत खोलीत एका माणसाशी बोलताना थोडा वेळ, मग हळूहळू जास्त, असे करावे.

कोकणातल्या हवेचा आणखी एक त्रास आहे, तो पुस्तकांत सहसा सापडत नाही. दमट खारी हवा आणि घाम यांनी यंत्राच्या नळीत पाण्याचे थेंब साठतात आणि आवाज एकाएकी बंद होतो; लोकांना वाटते यंत्र बिघडले. रात्री बॅटरी काढून, झाकण उघडे ठेवून, यंत्र सिलिका जेलच्या हवाबंद डबीत ठेवावे. जेलचे दाणे रंग बदलले की तापवून कोरडे करावेत. छोट्या गोल बॅटऱ्या हवेतल्या प्राणवायूवर चालतात, म्हणून स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मगच त्या बसवाव्यात आणि स्टिकर परत लावून बॅटरी वाचवता येईल अशी आशा करू नये.

आंबाकलम

चर्चा उत्तम चालली आहे, तरी एक वेगळे मत नोंदवतो. वयोमानाने कान जाणारच. हजारो रुपयांचे यंत्र घेऊन ऐंशीव्या वर्षी नेमके काय साधते? आता तर ‘यंत्र लावा नाहीतर स्मृतिभ्रंश होईल’ अशी भीती घालून विक्री चालते, हे मला पटत नाही.

श्रवणरेषा

भीती घालून विक्री करणे मलाही मान्य नाही, म्हणून जे ठाऊक आहे तेवढेच सांगते. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अमेरिकेतल्या ‘अचीव्ह’ चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात ७० ते ८४ वयाचे ९७७ लोक होते आणि त्यांतल्या निम्म्यांना यंत्र व समुपदेशन देऊन तीन वर्षे पाहिले गेले. संपूर्ण गटात बौद्धिक घसरणीत फरक पडला नाही. परंतु ज्यांना घसरणीचा धोका मुळातच जास्त होता, त्या उपगटात घसरण ४८ टक्क्यांनी कमी दिसली. यावरून ‘यंत्राने स्मृतिभ्रंश टळतो’ असे म्हणता येत नाही आणि ‘काहीच उपयोग नाही’ असेही म्हणता येत नाही.

मात्र यंत्र घेण्याचे कारण स्मृतिभ्रंश नव्हेच. अंदाजाने वाक्य जुळवत बसणाऱ्या माणसाला दिवसभरात किती थकवा येतो, हे त्याच्याजवळ बसल्याशिवाय कळत नाही. गजालींतून आणि गणपतीच्या आरतीतून उठून आत जाणारी माणसे मी रोज पाहते. त्यांना पुन्हा माणसांत बसता येणे, एवढे कारण मला पुरेसे वाटते. खर्चाचा प्रश्न खरा आहे. कमी उत्पन्नाच्या व्यक्तींसाठी केंद्र सरकारच्या ‘ॲडिप’ योजनेतून यंत्रे मिळतात. त्यासाठी जिल्हा रुग्णालयात तपासणी करून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र घ्यावे. मुंबईला जाणे शक्य असेल तर वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत तपासणी आणि जुळणी दोन्ही होतात.

तळवाट

मी मालवणला पर्यटकांना स्कूबासाठी पाण्यात घेऊन जातो. पाण्याखाली एक गोष्ट आम्ही नेहमी अनुभवतो. होडीचे इंजिन स्पष्ट ऐकू येते, पण ते कोणत्या बाजूने येते आहे ते अजिबात कळत नाही. नवखा माणूस घाबरून भलतीकडे वर येतो. हा कानाचा दोष आहे की पाण्याचा?

वाशिष्ठीकाठ

फार सुंदर प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर बहिरेपणाशी थेट जोडलेले आहे.

आवाजाची दिशा कान सांगत नाहीत, दोन कानांतला फरक सांगतो. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानात आधी पोहोचतो आणि डाव्या कानात नंतर. हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाएवढा असतो. मेंदूच्या बुंध्यातल्या पेशी याहून कितीतरी लहान फरकही ओळखतात. तार स्वरांच्या बाबतीत डोके आडवे येऊन पलीकडच्या कानात आवाज कमी पोहोचतो, त्याचाही उपयोग होतो. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर, म्हणजे हवेतल्या चौपटीहून अधिक असतो. साहजिकच दोन कानांतला वेळेचा फरक चौथ्या हिश्श्याहून कमी होतो. शिवाय पाणी आणि शरीर यांची घनता जवळपास सारखी असल्याने आवाज कवटीच्या हाडांतून दोन्हीकडच्या कॉक्लियात जवळजवळ एकदमच पोहोचतो आणि डोक्याची आडही उरत नाही. मेंदूचा हिशेब हवेसाठी बसलेला असतो, तो पाण्यात चुकतो. म्हणून तुमच्या पर्यटकांना ‘इंजिन ऐकू आले तर आवाजावरून दिशा ठरवू नका, मार्गदर्शकाकडे पाहा’ असे आधीच बजावणे अत्यंत आवश्यक आहे.

आता ज्याचा एकच कान गेला आहे त्याचा विचार करा. गालगुंडांनंतर एका कानाचे ऐकणे कायमचे गेलेली मुले मी वर्गात पाहिली आहेत. त्यांना ऐकू व्यवस्थित येत असे, म्हणून कोणाच्या लक्षात येत नसे. पण नाव घेऊन हाक मारली की ती भलतीकडे वळत आणि वर्ग हसत असे. अशा मुलाचा चांगला कान शिक्षकांकडे राहील असे बसवावे. रस्त्यावर तर धोका अधिक आहे, कारण आपल्या वळणावळणाच्या घाटवाटांवर गाडी कोणत्या बाजूने येते ते पुष्कळदा आधी कानालाच कळते.

श्रवणरेषा

मालवणच्या दादांसाठी एक भर. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, आणि मध्यकर्णातली हवा घशाकडे उघडणाऱ्या युस्टेशियन नळीतून समतोल साधत असते. सर्दी झालेली असेल तर ही नळी उघडत नाही. अशा पर्यटकाने पैसे भरले असले तरी त्याला पाण्यात नेऊ नये. कान दुखू लागल्यावर नाक दाबून जोरात फुंकर मारणे हा उपाय नसून तो आणखी एक धोका आहे. त्या दाबाने अंतर्कर्णाच्या खिडकीचा पडदा फाटू शकतो. थोडे वर यावे, हळुवार समतोल साधावा, जमले नाही तर बाहेर यावे. पाण्यातून आल्यावर ऐकू कमी येत असेल आणि जोडीला भोवळ येत असेल, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे.

भजनी

विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आमच्याकडे पावसाळ्यात कान खाजला की खोबरेल कोमट करून घालण्याची रीत आहे. काही जण लसूण परतलेले तेलही घालतात. हे योग्य आहे का? दुसरे असे की काल सकाळी उठल्यापासून मला डाव्या कानाने जवळजवळ काहीच ऐकू येत नाही आणि त्या बाजूला घणघण वाजते आहे. दुखत नाही. सप्ताहात झांजांजवळ बसलो होतो, त्यामुळे असेल असे वाटते. पाणी गेले असेल म्हणून घरचे तेल घाला म्हणतात.

श्रवणरेषा

भजनी काका, तेल घालू नका. इतर सगळे नंतर.

न दुखता, एका कानाने, एका रात्रीत ऐकू येईनासे होणे ही तातडीची स्थिती आहे. तीन दिवसांच्या आत अंतर्कर्णाचे ऐकणे एकदम घसरण्याचा एक आजार आहे आणि त्यावर स्टेरॉइडचे उपचार सुरुवातीच्या दिवसांत सुरू झाले तर ऐकणे परत येण्याची शक्यता जास्त असते. दोन आठवडे उलटल्यावर ती शक्यता बरीच कमी होते. नुसता मळ असू शकतो, झांजांमुळेही असू शकते. पण ते कानात पाहून आणि चाचणी करूनच ठरवता येते, घरी बसून नाही. तुम्हाला मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, कारण औषध त्यानुसार द्यावे लागते. तालुक्याला तज्ज्ञ नसतील तर आजच जिल्हा रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात जा आणि ‘काल सकाळपासून’ हे शब्द पहिल्यांदा सांगा.

तेलाविषयी एवढेच, की आपल्या दमट हवेत कानात बुरशी वाढण्याचे प्रमाण पावसाळ्यात फार असते आणि खाजण्याचे कारण पुष्कळदा तीच असते. तेलाने ओलावा आत कोंडला जातो. पडद्याला भोक असेल तर ते तेल थेट मध्यकर्णात जाते. काडी, पिन, किल्ली यांनी कोरल्यास नळीच्या त्वचेला जखम होते आणि बुरशीला वाट मिळते. मळ हा त्वचेच्या वाढीबरोबर आपोआप बाहेर सरकत असतो, त्याला बहुतेक वेळा कोणाच्या मदतीची गरज नसते.

भजनी

मुलाला गाडी काढायला सांगितले आहे. निघतो आहोत.